लाखेची डाळ

भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या बाजूस धानाच्या बांध्यांतून दर वर्षीं एक चमत्कारिक पेरणी होत असते. धान कापणीला अजून थोडा अवकाश असतो, उभें पीक पिवळें पडूं लागलेलें असतें, बांधींतला चिखल नुकता आळूं लागलेला असतो. अशा वेळीं शेतकरी त्या उभ्या पिकांतच एका करड्या दाण्याच्या मुठी भिरकावीत जातो. नांगर नाहीं, खत नाहीं, पाणी नाहीं. धान कापून नेलें म्हणजे खालचीं हिरवीं रोपें उघडीं पडतात आणि जमिनींत उरलेल्या ओलीवर व थंडीच्या दंवावर वाढत राहतात. त्यांना निळीं फुलें येतात, चपट्या शेंगा धरतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते, वाळलेला पाला गुरें खातात आणि दाण्यांची डाळ होते. या पेरणीस उतेरा म्हणतात आणि या दाण्यास लाख किंवा लाखोळी. लाखोट्यावर मोहोर करण्याच्या लाखेशीं तिचा नांवापलीकडे कांहीं संबंध नाहीं. छत्तीसगडांत तोच तिवडा, बिहार-बंगालकडे खेसारी. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत लॅथिरस सॅटिव्हस. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांत ही डाळ या नांवानें सहसा येत नाहीं. दुसऱ्या नांवानें येते कीं काय, तें पुढें पाहावयाचें आहे.

या डाळीचे गुण पाहतां तिची तारीफच करावीशी वाटते. शंभर ग्रॅम लाखेच्या डाळींत सुमारें २८ ग्रॅम प्रथिनें असतात. तुरीच्या डाळींत तीं २२ च्या आसपास व हरभऱ्याच्या डाळींत २१ च्या आसपास भरतात. ती लवकर शिजते, चवीला वाईट नाहीं, तिचे वडे व भजीं खुसखुशीत होतात. आणि ती स्वस्त असते, कारण तिला पिकविण्यास जवळजवळ खर्चच येत नाहीं. अवर्षण पडलें तरी हें रोप तग धरतें. शेतांत पाणी सांचून राहिलें तरी कुजत नाहीं. गहूं गेला, हरभरा गेला, जोंधळा गेला, तरी लाख उरते. गरिबाला दुष्काळांत याहून मोठा आधार कोणता? परंतु नेमक्या याच गुणानें तिनें हजारों धडधाकट माणसांचे पाय कायमचे नेले आहेत, आणि तें कसें व कां, हें नीट समजण्यास शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून जो स्लीमन इतिहासांत प्रसिद्ध आहे, त्यानें १८४४ सालीं आपल्या प्रवासाच्या आठवणी छापल्या. त्यांत सागरच्या मुलुखांतील एका गांवची हकीकत आली आहे. १८२९ सालीं तेथें गारपीट होऊन गहूं आडवा झाला. १८३० सालीं पाऊस वेळेवर पडला नाहीं. १८३१ सालीं गव्हावर रोग पडला. या तिन्ही वर्षीं गव्हाच्या शेतांत न पेरतां उगवणारा तिवडा मात्र मोठ्या जोमानें वाढला. एरवीं तो गुरांपुढें टाकावयाचा. पण १८३१ सालीं घरांत दुसरें कांहींच नसल्यामुळें लोकांनीं दाणे आपल्यासाठीं ठेवले आणि काड्या व पाला गुरांना घातला. ते वर्ष व त्याच्या पुढचें वर्ष गांव तिवड्यावर जगलें. १८३३ सालीं फळ दिसूं लागलें. तीस वर्षांच्या आंतलीं माणसें कमरेखालीं लुळीं पडूं लागलीं. कित्येकांच्या बाबतींत तर रात्रीं माणूस नीट निजलेला, आणि सकाळीं उठावयास जातां पाय उचलत नाहीं, असें घडलें. दोन वर्षांत गांवांतील जवळजवळ निम्मी तरुण मंडळी या रोगाच्या तडाख्यांत सांपडली. त्यांत मुलींपेक्षां मुलगे अधिक. १८३४ नंतर नवा रोगी झाला नाहीं, परंतु ज्याला एकदां रोग जडला तो एकही बरा झाला नाहीं. स्लीमनचा तंबू पडला तेव्हां हीं तरुण माणसें औषध मागण्यासाठीं त्याच्याभोंवतीं गोळा झालीं. त्याच्यापाशीं देण्यासारखें कांहीं नव्हतें. आजच्या डॉक्टरांपाशींही फारसें नाहीं.

या हकीकतींत दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. एक, तिवडा हें त्या गांवचें तोंडीं लावणें नव्हतें, तर मुख्य अन्न झालें होतें. दुसरी, अन्न खाण्यास आरंभ आणि पाय जाणें यांच्यामध्यें मोठें अंतर पडलें. स्लीमन वैद्य नव्हता. पण रोगाचें मूळ ज्या परिस्थितींत होतें ती परिस्थिति त्यानें जशीच्या तशी लिहून ठेविली. पुढील पुष्कळ विद्वानांनीं ती इतकी बारकाईनें वाचली असती तर बरें झालें असतें.

रोगाचें स्वरूप असें आहे. आरंभीं पोटऱ्यांत वांब येतात, पाय जड वाटतात, उठतां-बसतां त्रास होतो. मग गुडघे वांकलेले राहूं लागतात, टांच जमिनीस टेकत नाहीं, चालतांना एक पाय दुसऱ्यावर कात्रीसारखा येतो. हात चांगले असतात, बुद्धि शाबूत असते, वाचा स्पष्ट असते. पायांत स्पर्शही कळतो. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. ॲक्टन यांनीं १९२२ सालीं रोग्यांची जी वर्गवारी केली ती आजही चालते: काठीवांचून चालणारा, एका काठीनें चालणारा, दोन काठ्यांनीं चालणारा, आणि शेवटीं हातांवर भार देऊन सरपटणारा. रोगाची पायरी मोजण्यास काठ्यांहून दुसरें साधन लागूं नये, यांतच त्याचें उघडेंवागडें स्वरूप दिसून येतें. तो माणसाला मारीत नाहीं. विशीच्या आंत सरपटूं लागलेला मुलगा साठी-सत्तरीपर्यंत सरपटतच जगतो. आणि ज्याच्या शेतांत किंवा ज्याच्या मजुरींत ही डाळ असते, त्याचें पोट पायांवरच अवलंबून असतें.

हा रोग आपल्याच देशाचा, असें मात्र समजूं नये. जर्मनींत वुर्टेंबर्ग येथें १६७१ सालीं लाखेच्या पिठाची भाकर करण्यास मनाई झाली होती. १८११-१२ च्या दुष्काळांत माद्रिद शहर याच दाण्याच्या लापशीवर जगलें. गोया या चित्रकारानें त्या प्रसंगाचें एक चित्र कोरून ठेविलें आहे, त्यांत लापशी वाटली जात आहे आणि पुढें एक बाई जमिनीवर आडवी पडलेली आहे. इटलींत नेपल्स येथील डॉ. कांतानी यांनीं १८७३ सालीं रोगाला लॅथिरिझम हें नांव दिलें. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांताच्या सरकारनेंही १८९६ नंतरच्या दुष्काळी वर्षांतील रोग्यांची चौकशी करविली, आणि डॉ. ब्यूकॅनन यांचा अहवाल १९०४ सालीं प्रसिद्ध झाला.

म्हणजे संशय पहिल्यापासून लाखेवरच होता. मग अडचण कोणती? अडचण ही कीं लाख खाणारीं लाखों माणसें नीट चालतांना दिसत. एकाच गांवांत जमीनदारही डाळ खाई आणि गडीही खाई. गडी लंगडा होई, जमीनदार होत नसे. एकाच घरांत चार भाऊ, त्यांतला एक पडे. आणि अशी शंका आली म्हणजे माणूस दुसरा अपराधी शोधूं लागतो. १९२५ सालीं अँडरसन, हॉवर्ड आणि सायमन्सन या तिघांनीं असें प्रतिपादिलें कीं लाख निर्दोष आहे. तिच्यांत मिसळलेल्या अकटा नांवाच्या तणाचें बीं विषारी आहे. निवडलेली, स्वच्छ लाख जनावरांस घातली तर अपाय होत नाहीं आणि अकटा घातला तर होतो, असे त्यांचे प्रयोग होते. हें मत कित्येक वर्षें पुस्तकांतून वावरलें. जमीनदार निवडलेली डाळ खातो आणि मजुराला केरकचऱ्यासकट मिळते, हा खुलासाही वरवर पाहतां पटण्यासारखा होता.

दुसरी दिशाभूल याहून गंमतीची आहे. १९३३ सालीं अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें कांहीं संशोधकांनीं उंदरांना स्वीट पी या बागेंतल्या फुलझाडाच्या बिया खाऊं घातल्या. हें झाड लाखेच्याच कुळांतलें. उंदरांचे मणके वांकडे झाले, हाडें विद्रूप झालीं. झाला तो रोग लॅथिरस कुळाच्या बियांनीं झाला, म्हणून त्यालाही लॅथिरिझमच म्हणूं लागले. १९५४ सालीं त्या बियांतील विषद्रव्य सांपडलेंही. परंतु माणसांचा रोग हाडांचा नव्हता, मज्जातंतूंचा होता. आणि उंदरांच्या हाडांना बाधणारें तें द्रव्य लाखेच्या दाण्यांत नव्हतें. दोन निराळ्या रोगांना एक नांव पडल्यामुळें वीस-पंचवीस वर्षांचे कष्ट एका भलत्याच दारावर धडका देण्यांत गेले. नांव ठेवण्याची घाई शास्त्रांतही महाग पडते.

मध्यंतरीं, कोणत्याही प्रयोगशाळेला करतां येऊं नये असा एक प्रयोग घडून गेला होता. दुसऱ्या महायुद्धांत युक्रेनचा कांहीं भाग रुमानियाच्या ताब्यांत होता. तेथें व्हाप्न्यार्का या ठिकाणीं १९४२ सालीं ज्यू कैद्यांची एक छावणी होती. कैद्यांना रोज सुमारें ४०० ग्रॅम लाखेचे दाणे मिठाच्या पाण्यांत उकडून मिळत आणि जोडीला जवाच्या भाकरीचा तुकडा. हे दाणे घोड्यांच्या खाद्याचे होते. वर्ष संपतां संपतां कैद्यांच्या पोटऱ्यांत वांब येऊं लागले आणि थोड्याच आठवड्यांत शेंकडों माणसें लुळीं पडलीं. कैद्यांमध्येंच डॉ. आर्थर केसलर होते. त्यांनीं रोग ओळखला आणि दोष दाण्यांचा आहे हेंही ओळखलें. त्यांनीं ही सगळी हकीकत १९४७ सालीं प्रसिद्ध केली, आणि जे वांचले त्यांच्यांतील अनेकांना पुढें इस्राएलांत वर्षानुवर्षें तपासलें. पाय जसेच्या तसे राहिले होते. येथें जमीनदार नव्हता आणि मजूर नव्हता. सर्वांच्या पुढें एकच वाडगा होता. ज्या वाडग्यांत लाखेवांचून फारसें कांहीं नाहीं, तो पुरेसा लांबला म्हणजे काय होतें, हें तेथें दिसलें.

विषद्रव्य हातीं लागलें तें १९६४ सालीं, आणि तें हिंदुस्थानांतच. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें राव, आडिग व शर्मा यांनीं आणि दिल्लींत मूर्ति, शेषाद्रि व वेंकटसुब्रह्मण्यन् यांनीं तें एकाच सुमारास निरनिराळें शोधून काढलें. मोठ्या उंदरांवर लाखेचा परिणाम दिसत नसे. म्हणून बंगलोरच्या मंडळींनीं एक दिवसाचीं कोंबडीचीं पिलें घेतलीं. लाखेच्या अर्काची सुई टोंचतांच पिलांच्या माना मागें ताठल्या व त्यांना झटके येऊं लागले. मग अर्काचे भाग करीत करीत, कोणत्या भागानें मान ताठते तें पाहत पाहत, शेवटीं एक शुद्ध स्फटिक उरला. त्याचें पूर्ण नांव बीटा-एन-ऑक्झॅलिल-डायअमिनोप्रोपिऑनिक ॲसिड. शास्त्रज्ञ त्यास ओडॅप म्हणतात. मोठ्या जनावराच्या मेंदूभोंवतीं रक्तांतील द्रव्यांना अडविणारा जो बंदोबस्त असतो, तो कोवळ्या पिलांत पुरा झालेला नसतो. म्हणून पिलांनीं जें सांगितलें तें उंदरांनीं सांगितलें नव्हतें.

हें ओडॅप एक अमिनो आम्ल आहे; पण प्रथिनांत जीं अमिनो आम्लें असतात त्यांपैकीं तें नव्हे. तें दाण्यांत सुटेंच असतें, आणि त्याचा आकार ग्लुटामेट नांवाच्या द्रव्याशीं मिळताजुळता असतो. ग्लुटामेट हा मेंदूंतला निरोप्या होय: एका पेशीकडून दुसरीकडे चेतना पोंचविणें हें त्याचें काम. तोतया निरोप्या तेंच दार पुन्हां पुन्हां ठोठावीत राहिला म्हणजे पेशी थकून मरते. मेंदूपासून पाठीच्या कण्यांतून पायांकडे जाणारे तंतु सर्वांत लांब. त्यांना याचा फटका अधिक बसतो. हात शाबूत राहून पाय कां जातात, याचा खुलासा पुष्कळ अंशीं येथें मिळतो. मेलेली मज्जापेशी पुन्हां उगवत नाहीं, म्हणून रोग उलटत नाहीं.

आतां तो जुना प्रश्न: जमीनदार कां वांचला? त्यानें निवडलेली डाळ खाल्ली म्हणून नव्हे, तर त्यानें डाळीबरोबर भात खाल्ला, पोळी खाल्ली, दूध घेतलें म्हणून. रोग्यांच्या पाहणींतून निघालेला ठोकताळा असा आहे कीं एकंदर आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाखेचा असेल आणि हें दोन ते सहा महिने चाललें, तर धोका उत्पन्न होतो. वाटीभर डाळ भाताबरोबर खाणारा त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे राहतो. रेवा संस्थानाच्या मुलुखांत कर्जापायीं बांधलेल्या गड्यांना मजुरी धान्यांत मिळे आणि त्या धान्यांत मोठा वांटा लाखेचा असे. गड्याला तीच भाकर सकाळीं, तीच दुपारीं, तीच रात्रीं. शिवाय धान्यांत जीं गंधकयुक्त अमिनो आम्लें असतात तीं लाखेंत फार थोडीं. आणि तीं आहारांत पुरेशीं असल्यास शरीराचा बचाव अधिक होतो, असें दिसून आलें आहे. अवर्षणांत वाढलेल्या लाखेंत ओडॅपचें प्रमाण चढतें, असेंही प्रयोगांत आढळलें आहे. म्हणजे ज्या वर्षीं दुसरें कांहीं खावयास नाहीं, त्याच वर्षीं दाणा अधिक विषारी, आणि त्याच वर्षीं बचावाचें अन्न घरांत नाहीं. अकट्याच्या बियांची बिचाऱ्यांची उगीच बदनामी झाली. खरा साथीदार रिकामी कणगी हा होता.

ओडॅप पाण्यांत विरघळतें, ही यांतली सुदैवाची गोष्ट. डाळ भरपूर पाण्यांत शिजवून तें पाणी फेंकून दिलें तर विषाचा पुष्कळसा भाग निघून जातो. आधीं पाणी उकळून, त्यांत डाळ दोन तास भिजत घालून, पाणी ओतून, डाळ धुवून वाळवावी, ही रीत हैदराबादच्या पोषण संस्थेनें सांगितलेली आहे; डॉ. मॅककॅरिसन यांनीं कुन्नूर येथें उभारलेल्या प्रयोगशाळेचीच ही पुढची आवृत्ति. १४० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत पंधरा-वीस मिनिटें दाणे भाजले तर ऐंशी-नव्वद टक्के विष नष्ट होतें, असाही प्रयोग आहे. पाण्याबरोबर ब जीवनसत्त्वेंही जातात, हा या धुण्यांतला तोटा. परंतु पायांच्या मोलानें जीवनसत्त्वें राखण्यांत अर्थ नाहीं. खरी अडचण निराळीच आहे. दुष्काळांत ज्या घरीं लाख शिजते त्या घरीं दोन मैलांवरून पाणी आणावें लागतें आणि सरपण वेंचून आणावें लागतें. उकळलेलें पाणी ओतून द्या, ही सूचना ज्याच्या चुलीला लाकूड नाहीं त्याला करणें सोपें, पाळणें कठीण. इथिओपियांत १९९७ पासून पुढें दोन-तीन वर्षें जी साथ आली ती अशाच डोंगराळ, दरिद्री भागांत. तेथें गेटाहुन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घरोघर चौकशी करून २००३ सालीं दाखविलें कीं दाणे नुसते उकडून, भाजून किंवा हिरवे कच्चे खाणारांत रोग अधिक. तेच दाणे इतर धान्यांत मिसळून किंवा मसाल्याच्या रश्शांत खाणारांत कमी. चुलीवर फुटाण्यांसारखे भाजणें आणि प्रयोगशाळेंत मोजून भाजणें, या दोन गोष्टी एक नव्हेत, हेंही त्यावरून ध्यानांत यावें.

कमी विषाचें बीं तयार करण्याचे प्रयत्नही झाले. दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेंतून रतन आणि रायपूरच्या कृषि विद्यापीठांतून प्रतीक व महातिवडा अशा जाती निघाल्या; त्यांत ओडॅप एक दशांश टक्क्याच्या आसपास किंवा त्याच्या खालीं असतें, गांवठी जातींत तें याच्या कित्येक पट असूं शकतें. परंतु या झाडाच्या निळ्या फुलांवर मधमाशा येतात, आणि शेजारच्या शेतांत जुनी लाख असली तर दोहोंची मिसळ होऊन दोन-चार पिढ्यांत नवें बीं जुन्यासारखें होऊं लागतें. शिवाय घरचेंच बीं जपून ठेवून दर वर्षीं तेंच टाकणारा उतेऱ्याचा शेतकरी विकतचें बियाणें क्वचितच आणतो.

कायद्याची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. १९६१ सालीं मध्यवर्ती सरकारनें भेसळविरोधी नियमांत लाखेच्या विक्रीस मनाई करणारें कलम घातलें. परंतु तें कोणत्या तारखेपासून लागू व्हावें, हें ज्या त्या राज्यानें जाहीर करावयाचें होतें. कांहीं राज्यांनीं केलें, कांहींनीं केलें नाहीं. पिकविण्यास मनाई त्या कलमांत नव्हती. महाराष्ट्रांत विक्रीबंदी होती. पूर्व विदर्भांतील शेतकऱ्यांच्या व नागपूरकडील चळवळीच्या रेट्यानंतर राज्य सरकारनें ती २००८ सालीं उठविली. मध्यवर्ती नियमांत निर्बंध २०११ सालच्या फेररचनेंतही कायम राहिला, आणि २०१६ सालीं तज्ज्ञांच्या समितीनें तो उठविण्यास अनुकूल मत दिलें. दोन्ही बाजूंस बोलण्यासारखें आहे. बंदीनें रोग गेला, हें म्हणणें मात्र पुराव्यास उतरत नाहीं. जेथें बंदी कधींच लागू झाली नाहीं तेथेंही रोग ओसरला. वेठीचे गडी १९७६ च्या कायद्यानें मोकळे झाले, मजुरी पैशांत मिळूं लागली, पाटाच्या पाण्यानें गहूं पिकूं लागला, स्वस्त धान्याच्या दुकानांत तांदूळ-गहूं मिळूं लागले, आणि लाख ताटाच्या मध्यभागीं होती ती कडेला सरकली. उलट, धोका उरलाच नाहीं, असें म्हणणारांनीं पुढच्या दुष्काळाचाही विचार केला पाहिजे. बंदी उठवावयाची तर दुष्काळी तालुक्यांत धान्याचें दुकान उघडें राहील, याची हमी तिच्याबरोबर हवी.

बंदीचा एक परिणाम शहरांतील घरांपर्यंत पोंचला. जो माल उघड विकतां येत नाहीं तो दुसऱ्याच्या नांवावर विकला जातो. लाखेची डाळ तुरीच्या व हरभऱ्याच्या डाळींत मिसळूं लागली आणि तिचें पीठ बेसनांत. भज्यांच्या एका घाण्यांतून कोणाचे पाय जातील, ही भीति निराधार आहे; वर सांगितलेल्या तिसऱ्या हिश्शापर्यंत शहरचें ताट पोंचत नाहीं. येथें फसवणूक आहे, ग्राहकाच्या पैशाची आहे आणि तिचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु ती पिवळ्या धोत्र्याच्या तेलासारखी भेसळ नव्हे. १९९८ सालीं दिल्लींत मोहरीच्या तेलांत पिवळ्या धोत्र्याचें तेल मिसळलें गेलें तेव्हां तीन हजारांवर माणसें आजारी पडलीं आणि साठाहून अधिक दगावलीं. तेथें चमचाभर तेल पुरलें. दोन्ही गोष्टींना भेसळ हाच एक शब्द असल्यामुळें वर्तमानपत्रांत त्या एकाच मापानें मोजल्या जातात.

डाळ अख्खी असेल तर पारख कठीण नाहीं. तुरीची डाळ पाठीवर फुगीर व कडेनें गोलसर असते. लाखेचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, एका बाजूस उतरता. म्हणून त्याची डाळही कोनदार व चौकटीसारखी दिसते, आणि ताटांत पसरली म्हणजे डोळ्यांना वेगळी लागते. बेसनाचें मात्र डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून गरम पाण्यावर पाव तास ठेवल्यास लाखेचें मिश्रण गुलाबी होतें, अशी प्रयोगशाळेंतील एक कसोटी आहे. पण मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या पिवळ्या रंगानेंही ॲसिडांत गुलाबी छटा येते, आणि ती लगेच येते. तेव्हां हा निवाडा रसायनज्ञावर सोंपवावा. ज्या घरांत हरभऱ्याची डाळ आणून, निवडून, ती गिरणींतून दळून आणण्याची चाल अजून आहे, त्या घरांत हा प्रश्न निवडतांनाच मिटतो.